चार हजार उंबऱ्यांच्या गावात स्वतःचं फायबर टाकायचं तर

मराठवाड्यातलं तालुक्याचं किंवा मोठ्या बाजारपेठेचं गाव, साधारण चार हजार उंबरे, एक नगरपंचायत, दोन-चार पतसंस्था, चार-पाच अभ्यासिका. असं गाव धरून खालचे सगळे आकडे काढले आहेत. पहिल्याच झटक्यात सगळ्या गावाला तार पोचवायच्या फंदात पडू नका. बाजारपेठ आणि तिला लागून असलेल्या गल्ल्या मिळून १,६०० घरांसमोरून केबल न्या. त्यातल्या चौथ्या हिश्शाने, म्हणजे ४०० घरांनी जोडणी घेतली तर पहिला टप्पा साधला.

वेगाचे आकडे कुणीही सांगेल. सामान घेताना, खांब रोवताना, पेटी लावताना विचारायचा प्रश्न निराळा आहे: जुलैत रात्री नऊ वाजता, लाईट गेलेली असताना, गावातलाच पोरगा हा फॉल्ट तासाभरात काढू शकेल का? उत्तर 'नाही' असेल तर ती वस्तू कितीही भारी असो, घेऊ नका.

आधी कागद

इंटरनेट विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. 'गावापुरतंच आहे, ना नफा ना तोटा' हे कारण चालत नाही. वाटा तीन आहेत.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे परवानाधारक कंपनीचे भागीदार होणं. परवाना, ग्राहकाची नोंद आणि नोंदींची कायदेशीर जबाबदारी त्यांची, तारा आणि माणसं तुमची, महसुलात वाटणी. बीएसएनएलही फायबर जोडण्यांसाठी स्थानिक भागीदार घेते. करारात एक ओळ पक्की करून घ्या: गावातली केबल, खांब आणि पेट्या कुणाच्या मालकीच्या. ही ओळ नसेल तर करार मोडला त्या दिवशी गावाच्या हातात काहीच राहत नाही.

दुसरी वाट आयपी-१ नोंदणीची. गावाची कंपनी डक्ट (केबलची नळी), खांब आणि न पेटवलेलं, म्हणजे अजून उजेड न सोडलेलं फायबर यांची मालक होते आणि ते परवानाधारकांना भाड्याने देते. इंटरनेट मात्र स्वतः विकता येत नाही. एकाच तारेवर दोन कंपन्यांना बोलावता येतं, म्हणून गावाच्या दृष्टीने आम्हाला हीच वाट सरस वाटते. तिसरी वाट स्वतःच्या क वर्गाच्या आयएसपी (इंटरनेट पुरवठादार) परवान्याची, ज्याचं क्षेत्र साधारण जिल्ह्याएवढं असतं. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका. हिशेब तपासणी, ग्राहकांच्या वापराच्या नोंदी दोन वर्षं जपणं, सुरक्षेच्या अटी, या सगळ्याला पगारी माणूस लागतो.

दूरसंचार कायदा २०२३ आल्यापासून 'परवान्या'च्या जागी 'अधिकृतता' (ऑथरायझेशन) अशी रचना येत आहे. त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी सरल संचार पोर्टलवर जो नियम असेल तोच धरा, कुणाची दोन वर्षांपूर्वीची फाईल नको. एसटी स्टँडवर किंवा बाजारतळावर वाय-फाय द्यायचं असेल तर त्याला पीएम-वाणी योजना आहे. डिसेंबर २०२० मध्ये ती मंजूर झाली आणि तिच्यातल्या 'पीडीओ'ला, म्हणजे प्रत्यक्ष वाय-फाय देणाऱ्या टपरीवाल्याला, परवाना लागत नाही.

रस्ता खोदायची परवानगी ज्याचा रस्ता त्याच्याकडून: गल्ल्यांसाठी नगरपंचायत, राज्यमार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग. अर्ज गतिशक्ती संचार पोर्टलवरून जातो. महावितरणच्या खांबांना लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. लाईनमन ओळखीचा आहे म्हणून केबल बांधलेली असते आणि त्याची बदली झाली की ती कापली जाते.

गावात केबल टीव्हीवाला असेल तर त्याला सोबत घ्या. कोणत्या घराच्या गच्चीवर चढू देतात आणि कुठे कुत्रं आहे, हे त्याला पाठ असतं. त्याला बाहेर ठेवलंत तर पहिल्या महिन्यात वायरी 'आपोआप' तुटायला लागतील.

बाहेरून येणारी लाईन

रात्री आठ ते अकरा या वेळेत दर जोडणीमागे सरासरी अडीच एमबीपीएस धरा. ४०० जोडण्यांना १ जीबीपीएस लागतो. ग्राहकाचा प्लॅन १०० चा असो की २०० चा, सगळे एकाच क्षणी तेवढं ओढत नाहीत. मात्र आलेखाने सलग तीन संध्याकाळी ८० टक्क्यांची रेघ ओलांडली की लाईन वाढवायचा अर्ज त्याच आठवड्यात करा, कारण वाढवून मिळायला वेळ जातो.

लाईन कुठून मिळेल ते गाव कुठे आहे यावर ठरतं. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गालगत, म्हणजे जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा या पट्ट्यात, रेल्वेच्या रेलटेल कंपनीकडे चौकशी करा. अतिउच्चदाबाच्या मनोऱ्यांवरून पॉवरग्रिडचं फायबर जातं. ग्रामपंचायतींपर्यंत भारतनेट आणि महानेटचं सरकारी जाळं आहे. त्याचा कागदावरचा 'चालू' शेरा बघून खूश होऊ नका, टोकाला मीटर लावून उजेड येतो का ते पाहा.

लाईनी दोन हव्यात, आणि दोन कंपन्यांच्या घेतल्या म्हणजे झालं असं नाही. मराठवाड्यात बऱ्याचदा दोन कंपन्यांच्या केबल एकाच रस्त्याच्या कडेच्या एकाच चरात असतात. जलवाहिनीसाठी आलेला जेसीबी दोन्ही एकाच फावड्यात उचलतो. म्हणून सही करण्याआधी दोघांकडून मार्गाचा नकाशा मागा आणि एकावर एक ठेवून पाहा. एक जालना-संभाजीनगरकडून आणि दुसरी लातूर-सोलापूरकडून येत असेल तर उत्तम. यूट्यूबसारखी रहदारी कंपनी आपल्या कॅशमधून, म्हणजे जवळच साठवलेल्या प्रतींतून, वेगळी आणि स्वस्त देते का, हेही विचारा. संध्याकाळचा मोठा भार तोच असतो.

डीबीचा हिशेब

गावासाठी जीपॉन, म्हणजे एकाच फायबरवर अनेक घरं चालवायची पद्धत, पुरतं. एका पोर्टवर खाली येताना २.५ आणि वर जाताना १.२५ जीबीपीएस मिळतात. मध्यवर्ती यंत्राला ओएलटी म्हणतात, घरातल्या डब्याला ओएनटी. मधे वीज लागणारं काहीच नसतं, फक्त काच आणि उजेड वाटणारे स्प्लिटर. लोडशेडिंगच्या मुलखात हा गुण सोन्यासारखा आहे.

एका पोर्टवर ६४ घरं बसतात, पण ३२ वरच थांबा. चौकातल्या पेटीत १:४ चा स्प्लिटर, तिथून चार गल्ल्यांत खांबावर १:८ च्या पेट्या. १६ पोर्ट, १६ चौक-पेट्या, ६४ खांब-पेट्या, एकूण ५१२ जोडण्यांची जागा. १६ पोर्टचा एक ओएलटी घेण्यापेक्षा ८-८ चे दोन घ्या. एक जळाला तरी अर्धं गाव चालू राहतं, आणि निकडीच्या घरांची फायबर दुसऱ्यावर फिरवता येते.

उजेडाचा हिशेब असा. उजेडाचा जोर डीबीएममध्ये आणि वाटेतली घट डीबीमध्ये मोजतात. ओएलटीत बसणारं बी-प्लस मॉड्यूल किमान +१.५ डीबीएम सोडतं. अडीच किलोमीटर काचेत ०.९ डीबी जातात (१३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.३५), १:४ मध्ये ७.२, १:८ मध्ये १०.५, आठ जॉइंटांत ०.८ आणि चार कनेक्टरांत १.६. बेरीज २१. घरात पोचलं –१९.५ डीबीएम. ओएनटी –२७ पर्यंत ओढतो, म्हणजे सातेक डीबी हाताशी राहिले. ते खाऊ नका. पुढच्या पाच वर्षांत तुटलेल्या केबलला जे जॉइंट मारावे लागणार आहेत, त्यांची ती शिल्लक आहे. नवी जोडणी –२४ पेक्षा खाली असेल तर 'चालतंय ना' म्हणून सोडू नका. ती पावसाळ्यात बंद पडेल. उलट –८ पेक्षा जास्त उजेडही वाईट, रिसीव्हर दिपतो.

खांब, काळी माती आणि उसाच्या ट्रॉल्या

मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसता खड्डा करून खांब उभा केला तर दुसऱ्या पावसाळ्यात तो नमस्कार घालतो. ८ मीटर खांबाला १.४ मीटर खड्डा घ्या, तळाला मुरूम कुटून भरा आणि भोवती १:३:६ काँक्रीट घाला. जमिनीच्या वर ते बोटभर उंच ठेवून उतार द्या, म्हणजे पाणी बुडाशी मुरत नाही. वळणावरच्या आणि शेवटच्या खांबाला ताण द्यायलाच हवा. दोन खांबांत ४० मीटर ठेवा.

आता रस्ता ओलांडायचा हिशेब. ८ मीटरचा खांब जमिनीवर ६.६ मीटर राहतो. केबल ६.४ वर बांधली आणि ४० मीटरला एक टक्का झोल धरला तर मधोमध उंची ६ मीटर उरते. गाळप हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातो तेव्हा हे जेमतेम आहे. कारखान्याच्या वाटेवर आणि डीजेची गाडी जाते त्या मिरवणुकीच्या रस्त्यावर ९ मीटरचेच खांब घ्या, नाहीतर रस्त्याखालून पाईप टाका. खांबावरून घरात जाणारी ड्रॉप वायर तर असा रस्ता कधीच ओलांडू नये. पलीकडे वेगळी पेटी लावा. एक पेटी वाचवायला गेलेला माणूस हंगामात दहा वेळा शिडी लावतो.

खांबावर बिनधातूची एडीएसएस केबल वापरा. पोलादी तार असलेली स्वस्त केबल विजेच्या खांबावर बांधणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ. मुख्य मार्गाला २४ कोअर, गल्लीत १२, घराला २ कोअरची ड्रॉप. १२ किलोमीटर गल्ल्यांना १४ किलोमीटर केबल मागवा, आणि ड्रॉप सरासरी ६० मीटर धरून २४ किलोमीटर. दर चौथ्या खांबावर १० मीटरचा लूप सोडा. केबल तुटल्यावर जॉइंट मारायला जमिनीपर्यंत खाली घ्यावी लागते. लूप नसेल तर एका कापाचे दोन जॉइंट होतात.

जमिनीखालून जाताना ४० मिलीमीटरची एचडीपीई डक्ट आणि तिच्या खालीवर वाळू किंवा बारीक मुरूम. केबल थेट काळ्या मातीत पुरली तर एप्रिल-मेच्या भेगा तिला ओढतात. कातळ लागला आणि खोली मिळाली नाही तर जीआय पाईप घालून वर काँक्रीट करा. डक्टची दोन्ही तोंडं बंद करा, घुशी आत शिरतात. खोदाई दिवाळी ते मे उरकून घ्या. मृगाच्या पावसानंतर चर बुजवला तर रस्ता खचतो आणि नगरपंचायत अनामत परत करत नाही.

जॉइंट

खरं काम इथे आहे, म्हणून सावकाश. काचेची टोकं वितळवून जोडणारं स्प्लायसिंग मशीन उघड्यावर, रस्त्याकडेला लावू नका. मार्चपासून वाऱ्यावर उडणारी धूळ काचेच्या टोकावर बसते. टेंपोच्या मागच्या बाजूला ताडपत्री बांधली तरी पुरतं.

आधी श्रिंक स्लीव्ह (जॉइंट झाकायची नळी) फायबरवर ओवा, मगच सोला. हे विसरून जॉइंट झाल्यावर कपाळाला हात लावणारे रोज भेटतात. रंगीत थर ३ सेंटिमीटर सोला, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कोऱ्या टिश्यूने एकदाच, एकाच दिशेने पुसा. चर्र आवाज आला म्हणजे काच स्वच्छ. त्यानंतर क्लीव्हरने, म्हणजे काच सरळ कापायच्या हत्याराने, काप, आणि कापल्यावर टोकाला बोट, कापड, काहीही लागता कामा नये. मशीनने ०.०५ डीबीच्या आत दाखवलं तर ठेवा, ०.१ च्या वर गेलं तर तोडून पुन्हा करा. तीनदा करूनही येत नसेल तर चूक हाताची नसते, क्लीव्हरचं पातं बोथट झालेलं असतं किंवा इलेक्ट्रोड जळलेले असतात.

कापलेले तुकडे झाकणाच्या बाटलीत टाका. ते कातडीत शिरले तर दिसत नाहीत आणि निघत नाहीत. तिथे बसून डबा खाऊ नका. चालू फायबरच्या टोकात डोळा घालू नका, तो उजेड दिसत नसला तरी असतो.

ट्रेमध्ये फायबर ३० मिलीमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळवू नका. घरातल्या ड्रॉपसाठी जी-६५७ए२ फायबर घ्या, ती दाराच्या चौकटीतून साडेसात मिलीमीटरची वळणं सोसते. आणि हिरवं टोक हिरव्यात, निळं निळ्यात. हिरव्या एपीसी कनेक्टरचं तोंड आठ अंशांनी तिरकं असतं. ते निळ्या यूपीसीला लावलं तर मधे फट राहते आणि उजेड सांडतो. लाईन कधी चालते, कधी नाही, आणि बिचारा पोरगा तीन दिवस खांब चढत राहतो.

प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आत पाण्याने न पुसणाऱ्या शाईने लिहा: पेटी क्रमांक, येणाऱ्या कोअरचा रंग, कुठल्या पोर्टवरून, जॉइंट केल्याची तारीख, त्या दिवशीचा डीबीएम. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी हा रंगक्रम पाठच हवा. हीच माहिती एका वहीत आणि एका फाईलमध्ये. जॉइंट मारणारा पोरगा उद्या पुण्याला नोकरीला गेला तरी गाव अडता कामा नये.

दोन्ही विजा

ओएलटी, राउटर, स्विच मिळून २५० वॅट धरा. सहा तासांच्या बॅकअपला १,५०० वॅट-तास लागतात. इन्व्हर्टरचं नुकसान आणि बॅटरीतली ६० टक्क्यांपेक्षा जास्त वीज न वापरणं धरलं तर १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या पुरतात. त्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, आणि मेमध्ये पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. जाड भिंतीची, उत्तरेकडची खोली शोधा.

आभाळातली वीज निराळी. वळवाच्या पावसात ती फायबरमधून येत नाही, तांब्यातून येते. म्हणून एका इमारतीतून दुसरीत लॅन वायर कधीही ओढू नका, अगदी दहा मीटर असली तरी. यंत्रखोलीचं अर्थिंग ५ ओहमच्या आत ठेवा. काळी माती वाळली की अर्थिंगच्या नळीपासून सुटते आणि विरोध वाढतो, त्यामुळे मार्च ते जून दर आठवड्याला खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. टंचाईच्या दिवसांत लोक नावं ठेवतील, हात-पाय धुतलेलं ओता.

घरात आणि आखाड्यावर

'नेट स्लो आहे' या तक्रारींत बहुतेक वेळा फायबरचा दोष नसतो. माळवदी घराची दोन-अडीच फुटी भिंत किंवा पत्र्याचं पार्टिशन वाय-फाय गिळतं. ओएनटी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे लावू नका. घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर लावा. जुन्या वाड्यात आतल्या खणात दुसरा ॲक्सेस पॉइंट लागतोच, तो वायरने जोडा. वेग तपासताना लॅपटॉप वायरने लावून ग्राहकासमोर दाखवा, मग मोबाइलवर. वाद तिथेच मिटतो.

गावाबाहेरच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, किंवा तांड्यावर फायबर परवडत नसेल तर ५.८ गिगाहर्ट्झची बिनतारी जोडणी द्या. हा पट्टा परवानामुक्त आहे. पाच किलोमीटरच्या अंतरात नुसतं समोर दिसणं पुरत नाही, मधोमध दृष्टिरेषेच्या खाली पाच मीटर मोकळीक हवी. जानेवारीत लावलेली लिंक ऑगस्टमध्ये बसते ती लिंबाला पालवी फुटल्यामुळे.

लाल लाईट लागला

खांबावर चढण्याआधी स्क्रीन बघा. ओएनटीने बंद पडताना 'डाइंग गॅस्प' पाठवला असेल तर घरातली लाईट गेली आहे, फायबर धडधाकट आहे. एकच घर गेलं तर ड्रॉप. आठ गेली तर खांबावरची पेटी किंवा तिच्याकडे येणारी कोअर. ३२ गेली तर चौक-पेटीच्या अलीकडे काप आहे. ३२ घरं जोडलेली दिसतात पण सगळीच अडखळतात, तर एखादा बिघडलेला ओएनटी सतत उजेड सोडून बाकीच्यांचा आवाज दाबतो आहे. चौक-पेटीत १:४ ची एकेक तार काढून पाहा. ज्या गल्लीची काढल्यावर बाकीचे सुधारले, त्या गल्लीतला तो.

ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये उजेड सोडून दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारं मशीन, लावायचं तर ग्राहकाच्या टोकाकडून लावा, ओएलटीकडून स्प्लिटरपलीकडचं चित्र गोंधळाचं येतं. १३१० आणि १५५० अशा दोन्ही तरंगलांबींवर मोजा. १५५० वर घट जास्त दिसली तर फायबर कुठेतरी दुमडली आहे, क्लॅम्प सैल करा. दोन्हीवर सारखीच दिसली तर जॉइंट खराब आहे. चालू लाईनवर मोजायचं असेल तर १६२५ किंवा १६५० चं फिल्टरवालं मशीन लागतं, साधं लावून कुणाचा तरी ओएनटी जाळू नका.

राखीव सामान यंत्रखोलीतच ठेवा: एक ओएलटी मॉड्यूल, १० ओएनटी, १:८ चे ४ स्प्लिटर, ४ डोम क्लोजर (जॉइंट बंद करायच्या पेट्या), ५०० मीटर १२ कोअर केबल, एक किलोमीटर ड्रॉप, २०० स्लीव्ह, क्लीव्हरचं जादा पातं. स्प्लायसिंग मशीनची बॅटरी दर शनिवारी चार्ज करायची, आणि ती केल्याची सही वहीत.